पंगतीचा अध्याय

मंगळवार, २० जुलै १९५४

आज टपालाने आलं ते: 'सत्त्वमंजरी' पोथी, सुट्या पानांची, एक, साडेतीन रुपये. पोथी बांधायचं लाल बासन, एक, सहा आणे. व्ही. पी.चा खर्च अकरा आणे. बासन पोथीबरोबरच येतं असं मी धरून चालले होते. पुण्याच्या दुकानदाराने तसं धरलेलं नाही. पोष्टमन ओलाचिंब होऊन आला, त्याला चहा दिला. तो देवाच्या खात्यात.

जुनी पोथी कसरीने खाऊन चाळणी केली म्हणून ही नवी. श्रावणात आमच्या ओटीवर रोज एक अध्याय वाचायचा, एकविसाव्या दिवशी समाप्ती, ही ह्या घरची रीत. एकदा पोथी लावली की एक ओवीसुद्धा सोडायची नाही, खंड पडतो. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईच वाचत आल्या. यंदा मोतीबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे झाकोळले. मला म्हणाल्या, "सत्यवती, आता तू वाच. मॅट्रिक झालीस ती कशासाठी?"

मी हो म्हणाले. मग पान उघडून बघितलं. शब्दाला शब्द चिकटलेले, मध्ये जागा म्हणून नाही. मुंग्यांची रांग चालली आहे आणि कुठली मुंगी कुठल्या वारुळाची हे आपण ओळखायचं. शाळेत मराठीत मी वर्गात पहिली होते. इथे दोन ओव्या वाचेपर्यंत दूध उतू गेलं, आणि कळलं ते एवढंच की गणपतीला नमस्कार केलेला आहे.

शुक्रवार, २३ जुलै

दुपारी भांडी झाली की पान घेऊन बसते. हे भाताच्या गिरणीत कारकून, तिथले पाठकोरे कागद घरी येतात. त्यांवर एकेक ओवी आपल्या बोलीत उतरवायची. आज चार उतरवल्या, दोन अडल्या.

सासूबाई वाती वळत होत्या. त्यांना विचारलं, "आई, ह्याचा अर्थ काय हो?"

"कुणास ठाऊक."

"इतकी वर्षं तुम्हीच वाचताय ना?"

"वाचत होते. अर्थ लावत नव्हते. अगं, पोथी म्हणजे काय वाण्याची यादी आहे, वाचता आली नाही तर माल मिळायचा नाही म्हणायला? कानावर पडलं की पोचलं."

असेल तसं. पण न समजता वाचायचं म्हणजे मला न मोजता सुटे घेतल्यासारखं वाटतं. पुण्याच्या दुकानदाराला कार्ड टाकलं: ह्या पोथीच्या शब्दार्थांचं पुस्तक असल्यास कळवावे.

मंगळवार, २७ जुलै

पलीकडच्या गोदूबाईंची सून भामा मीठ घेऊन आली. रोडपालीच्या अंगाला त्यांची मिठागरं आहेत, पावसाळाभर सगळ्या आळीला मीठ त्यांचंच. भामाची चार वर्षांची पोर होळीनंतर घशाच्या आजाराने गेली. तेव्हापासून ती दिसते दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखी.

मी बरणी पुढे केली. ती मीठ ओतेना.

"वैनी, यंदा पोथी तुमी वाचनार?"

"हो."

"त्यातली ती रानी. लेक देते ती. ती खरंच रडली नाय का?"

ती कथा आळीत सगळ्यांना माहीत आहे. राजाने ऋषीला वचन दिलेलं असतं, मागशील ते देईन. ऋषी एकुलती एक लेक मागतो, आश्रमात पाणी भरायला. राणी चारुमती लेकीचा हात त्याच्या हातात देते आणि डोळ्यांतून टिपूस काढत नाही. म्हणून ती थोर.

मी म्हटलं, "सांगतात तर तसंच."

"म्हातारी रोज सांगते. त्या रानीला बघ आन् सोताला बघ. आपन रडलो तं पोरीच्या वाटंत चिखल व्हतो म्हनं. मी मोरीत जाऊन रडते, तं तिथंबी हुडकत येते." मग तिने एकदम मीठ ओतलं, निम्मं बाहेर. "तुमी शिकल्याव. लिवलंय काय ते नीट बघून मला सांगा. तसंच लिवलं असंल तं नाय रडनार."

सांडलेलं मीठ मी गोळा करत बसले. मीठ सांडू देऊ नये असं म्हणतात. बघते म्हणाले तिला. आता न समजता वाचायची सोय राहिली नाही.

शुक्रवार, ३० जुलै

पोथी लावली. पत्र्यावर पाऊस असा की माझा आवाज मलाच ऐकू येईना. ओरडून वाचलं. ओरडून वाचताना भक्तिभाव टिकत नाही, हे प्रांजळपणे लिहून ठेवते. जिथे अडले तिथे सासूबाई मागून शब्द पुरवत होत्या, डोळे मिटून. सगळी पोथी तोंडपाठ आहे त्यांना.

संपल्यावर गोदूबाई उठता उठता म्हणाल्या, "सासूची टांग्याची चाल व्हती. तुजी बैलगाडी चिखलात रुतते बाय."

म्हटलं, "रुतली तरी उलटली नाही ना, गोदूबाई."

"अजून वीस दीस हायेत," गोदूबाई म्हणाल्या.

मंगळवार, ३ ऑगस्ट

नागपंचमी. आज चिरणं-तळणं नाही, विळी भिंतीला. दुपार सगळी पोथीला मिळाली.

पुण्याचं उत्तर आलं. "आपले कार्ड पोचले. शब्दार्थाचे पुस्तक निघालेले नाही. भाविकांकडून तशी मागणी नाही. उत्तम धूप व जपमाळा मिळतील." ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "म्हणजे तू भाविकांत मोडत नाहीस."

मी म्हटलं, "देवाची आणि माझी ओळख तुमच्या-माझ्या ओळखीच्या आधीची आहे."

हे हसले. पण मला ते लागलं. देवाचं पुस्तक कळावं असं वाटणं हे कमी भक्तीचं लक्षण आहे का? तसं असेल तर तो दोष माझ्यात आहे, आणि तो ठेवूनच मी पुढे वाचणार आहे.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

आता चाल जमायला लागली आहे. ओवी दोनदा मोठ्याने म्हटली की चिकटलेले शब्द आपोआप सुटे होतात. पापड लाटताना पीठ जसं एकदम ऐकायला लागतं तसं.

पण राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आजच्या अध्यायात राजाच्या हत्तीचं वर्णन. नुसत्या सोंडेवर नऊ ओव्या, आणि राणीच्या बाळंतपणावर एक. कवीने आपलं नाव कुठे घातलेलं नाही, पण बाप्या होता हे सांगायला नाव लागत नाही. आणि मग हाच माणूस लेकीच्या पहिल्या पावलाबद्दल असं काही लिहून जातो की ते पाऊल आत्ता आमच्या ओटीवर पडलं असं वाटावं. हत्ती लिहिणारा आणि हे पाऊल लिहिणारा एकच कसा, हे मला समजत नाही. शाळेत असतं तर मास्तरांना विचारलं असतं.

भामा रोज येते. खांबाला टेकून बसते. काही विचारत नाही, फक्त मी पान उलटलं की बघते.

रविवार, ८ ऑगस्ट

देवांची भांडी घासली. सासूबाईंच्या डब्यात गंधाच्या सहाणेखाली तान्ह्याला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं सापडलं, काळं पडलेलं. चिंचेने घासून लखलखीत केलं. सासूबाईंना हातात दिलं तर त्यांनी ते पदरात धरलं आणि म्हणाल्या, "घासायला कुणी सांगितलं होतं?"

ह्यांना म्हटलं, तुमचं लहानपणचं बोंडलं आईंनी अजून जपलंय. हे म्हणाले, "माझं नव्हे. मी पितळेच्याने प्यायलो. चांदीचं माझ्या आधीचं." कुणाचं ते विचारणार तोच गिरणीचा भोंगा झाला आणि हे छत्री घेऊन गेले. रविवारीसुद्धा बोलावतात.

मंगळवार, १० ऑगस्ट

आज दोन अध्याय पुढचे काढले. कारण उद्या तेरावा, लेक देण्याचा. भामाला उत्तर द्यायचं होतं.

लिहिलेलं आहे. मी चारदा वाचलं, कुठे दुसरा काही अर्थ निघतो का म्हणून.

नेत्रीं नाहीं जळ । वदन ठेविलें निर्मळ ।
जैसें तळें निश्चळ । माध्यान्हकाळीं ॥

डोळ्यांत पाणी नाही. तोंड स्वच्छ. दुपारच्या वेळी आमच्या गावचं वडाळ्याचं तळं असतं तसं. ह्यात पळवाट नाही. कवीवर इतका संताप आला की पान बासनात टाकून मी निवडायला तांदूळ घेतले. ज्याने ते पाऊल लिहिलं त्याने हे का लिहावं? बरं, माझ्यासारखीला तो राग तरी येऊ शकतो. भामाने काय करायचं?

तांदूळ निवडून झाले, तरी मन थाऱ्यावर नाही, म्हणून चौदावा घेतला. म्हटलं, तो सोपा आहे.

चौदावा म्हणजे पंगतीचा अध्याय. सगळी आळी त्याची वाट बघते. त्यात पक्वान्नांच्या ओव्या आहेत. ज्या पदार्थाचं नाव येतं तो एकेकीने करून आणायचा. नाव आलं की तिने "आलं गं" म्हणत पोथीपुढच्या ताटात वाढायचा. हशा होतो, कुणाचा पदार्थ बिघडला त्याची थट्टा होते. ताट भरलं की आरती, आणि मग जेवणं. पुढे काही ओव्या उरतात. त्या सासूबाई जेवणांच्या गलक्यात पाटावर बसून मनातल्या मनात म्हणायच्या, खंड पडू नये म्हणून. त्या दिवशी त्या स्वतः जेवत नाहीत. पंगतीच्या तेलातुपाने पित्त होतं म्हणतात.

मला ह्या घरात आल्यापासून वाटत आलं की देव प्रसन्न झाले, त्याची ही मेजवानी.

ती मेजवानी नाही. तो तोच दिवस आहे. सकाळी ऋषी लेकीला घेऊन गेला. राणी आचाऱ्यांना घरी पाठवते, पदर खोचते आणि स्वतः चुलीपुढे बसते. घारगे करते, कारण लेकीला कडेचा कुरकुरीत भाग आवडतो. खीर करते आणि तिच्यावरची साय काढून टाकते, कारण लेक साय बघून तोंड फिरवते. आम्ही दरसाल ज्या पदार्थांवर हसतो ते सगळे तिच्या आवडीचे. आणि मग त्या उरलेल्या ओव्या:

पाट मांडिला रिता । ताट वाढी ते माता ।
वारा घाली बैसतां । निववी घांस ॥

रिकाम्या पाटापुढे ताट वाढून ती वारा घालत बसली आहे. घास गरम आहे, पोरीचं तोंड भाजेल म्हणून.

चूल विझली होती. ती पुन्हा पेटवायला मला बराच वेळ लागला.

सासूबाईंकडे गेले. "आई, पंगतीच्या पुढच्या ओव्या मोठ्याने का नाही वाचायच्या?"

"त्या मनात म्हणायच्या असतात. माझ्या सासूने मला तसंच दिलं. पंगतीत विरजण नको."

"त्यांत काय आहे ते ठाऊक आहे तुम्हाला?"

वात वळणारा हात थांबला. "सांगितलं ना तुला, मी अर्थ लावत नाही."

वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायची मला सवय नाही. पण मनात म्हटलेलं कुणाच्या कानावर पडतं? कानावर पडलं की पोचलं, हे त्यांचंच म्हणणं. ओवी सोडू नये एवढी रीत. ती किती मोठ्याने वाचावी हे पोथीत कुठे नाही. मी बघितलं.

बुधवार, ११ ऑगस्ट

तेरावा वाचला. हळू आणि स्पष्ट, काही न लपवता. 'नेत्रीं नाहीं जळ' आलं तसं गोदूबाईंनी भामाला कोपराने ढोसलं. "आयकलंस?"

भामा उठली आणि पावसातच घरी गेली. मी वाचत राहिले. वाचता वाचता उठता येत नाही.

संध्याकाळी त्यांच्या दाराशी गेले. गोदूबाई दारातच. "तिला बरं नाय."

"नसू दे. उद्याचे घारगे तिच्याकडे आहेत ना, तेवढं विचारायला आले."

भामा आतूनच म्हणाली, "लिवलंय ना वैनी? मी आयकलं. मंग झालं."

"लिहिलंय. तुला खोटं नाही सांगणार. पण झालं नाही. निम्मं उद्या आहे."

"उद्या तं खायाचं."

"तू ये. घारगे कडेला कुरकुरीत कर."

गोदूबाई म्हणाल्या, "घारग्याला शिकवते व्हय माज्या सुनेला?" पण दार लावलं नाही.

मी बरोबर करते आहे की नाही, मला माहीत नाही. ती आली आणि ऐकून आणखी खचली तर? गोदूबाईंचं ओझं मी काढून तिच्यावर माझं ठेवते आहे असं तर नाही? देवापुढे बसले. देव काही बोलले नाहीत. ते बरंच म्हणायचं. नको असतं तर दिवा तरी विझवला असता.

गुरुवार, १२ ऑगस्ट

झालं. जसं झालं तसं लिहिते.

ओटी भरली होती. भामा आली, घारग्यांचा डबा घेऊन, कालच्याच खांबाशी. मी सुरू करण्याआधी म्हटलं, "आज मी ओवी वाचीन आणि आपल्या बोलीत सांगीन. उशीर होईल. भुकेल्या असाल तर आत्ताच सांगा."

गुणाबाई, आमच्या घंटा वाजवणाऱ्या, म्हणाल्या, "भूक आम्हाला नाही, पातोळ्यांना लागलीय, निवतायत." हशा झाला. मी सांगितलं की राणीने आचाऱ्यांना घरी पाठवलं. तोवर हशा चालूच होता. घारगे आले. "आलं गं," भामा म्हणाली आणि ताटात वाढले. मी सांगितलं, लेकीला कडा आवडायची. खीर आली. मी सांगितलं, साय काढली, का काढली. मग एकेकीचं "आलं गं" बारीक होत गेलं, आणि शेवटच्या शेवटच्या नुसत्याच वाढून मागे सरकल्या.

ताट भरलं. गुणाबाईंनी सवयीने घंटा उचलली.

"खाली ठेवा, गुणाबाई. पोथी संपलेली नाही."

मी सासूबाईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं. रिता पाट वाचला, वारा घालणं वाचलं. शेवटची ओवी:

भात निवाला पात्रीं । दीप मंदावला रात्रीं ।
माता नुठे क्षणमात्रीं । ताटापासोनि ॥

ह्या ओवीला मागून दुसरा आवाज आला. सासूबाई माझ्याबरोबर म्हणत होत्या. माझ्यापेक्षा सावकाश, आणि जिथे थांबायला हवं तिथेच थांबून, जसं एखादं माहेरचं पत्र पाठ म्हणावं. मला नवल वाटलं. अर्थ लावत नाही म्हणणाऱ्या माणसाला इतकं नेमकं थांबता येतं, हे पाठांतराचंच बळ असावं.

मी बोलीत सांगितलं, "भात थंड झाला. दिवा बारीक झाला. आई ताटापाशी बसून राहिली. उठली नाही." मग भामाकडे वळून म्हटलं, "काल लिहिलं होतं ती रडली नाही. आज लिहिलंय तिने काय केलं."

भामा रडली. मोरीत नव्हे, ओटीवर, सगळ्यांदेखत, आवाज काढून. गोदूबाईंचा हात वर गेला. मला वाटलं, आता मारतात. त्या ताटाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "ताट झाका कुनीतरी. माश्या बसतान." कुणी हललं नाही. मग त्यांनीच आपला पदर सोडून ताटावर धरला आणि तशाच भामाशेजारी बसून राहिल्या, एक हात ताटावर, एक हात तिच्या पाठीवर.

आरती झाली, जेवणं झाली. बोलणं कमी, पण अन्न सगळं संपलं. सासूबाई म्हणाल्या, "मलाही वाढ."

"पित्त?"

"बघू."

घारगे, खीर, पातोळी, सगळं जेवल्या. आधी ते बोंडलं मागून घेतलं आणि त्यात चमचाभर खीर घालायला लावली. साय काढून. नैवेद्याची त्यांची कुठलीशी जुनी पद्धत असेल. मी विचारलं नाही. त्या अशा शांत बसल्या होत्या की विचारावंसं वाटेना.

निघताना भामा उंबऱ्यात थांबली. डोळे सुजलेले, पण चेहरा धुतल्यासारखा.

"वैनी, मंग त्या ताटाचं काय झालं?"

"कुठल्या?"

"रानीच्या. कुनी खाल्लं का? का तसंच ऱ्हायलं? दुसऱ्या दिशी तिनं पुन्ना रांधलं का?"

मी पान उलटलं. पंधरावा अध्याय राजाच्या घोड्यापासून सुरू होतो. घोड्याच्या नुसत्या आयाळीला पाच ओव्या.

"बघून सांगते," म्हटलं.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

घोडा वाचला. भामा आली होती. गोदूबाई म्हणाल्या, आज गाडी बरी चालली.

समाप्तीपर्यंतची सगळी पानं दुपारी चाळली. राणी पुढे येते, लेकही येते, ताट कुठेच येत नाही. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या पोथीतही नव्हतं. त्यांनी शोधलं होतं. केव्हा शोधलं, हे मात्र सांगितलं नाही.

पुण्याला जबाबी कार्ड टाकलं. नक्कल ठेवते:

"स. न. वि. वि. आपणाकडून आणवलेल्या 'सत्त्वमंजरी'चा चौदावा अध्याय राणी ताटापाशी बसली आहे येथे थांबतो, व पंधरावा घोड्यापासून सुरू होतो. मध्ये काही ओव्या गळल्या आहेत काय? आपल्याकडे अन्य छापखान्याची किंवा हाती लिहिलेली जुनी प्रत असल्यास ती कृपया पाहावी, व त्या ताटाचे पुढे काय झाले ते कळवावे. भाविकांकडून मागणी आहे. समाप्ती १९ तारखेस असल्याने उत्तर उलट टपाली यावे, ही विनंती."